मिनिटभराची तयारी

ब्रिटनमध्ये नर्स म्हणून नोंदणी व्हावी म्हणून 'आयईएल्ट्स' देणाऱ्या मुलींना संभाषणात 7 बँड लागतात. त्या धास्तीने कित्येकजणी तयार उत्तरे घोकतात आणि तेच अंगाशी येते, कारण परीक्षकाला पाठांतर चटकन ओळखू येते. परीक्षा अवघी 11 ते 14 मिनिटांची. त्यात कार्डावरच्या विषयाच्या तयारीला एक मिनिट मिळते आणि मग दोन मिनिटांपर्यंत एकटीने बोलायचे. बहुतेकींची गाडी अडते ती इथेच! तेव्हा घड्याळ समोर ठेवून रोज एका विषयावर बोलावे, मोबाइलवर मुद्रित करून ऐकावे. स्वतःचा आवाज ऐकून ओशाळल्यासारखे होते, होऊ द्यावे. मराठी वळणाच्या उच्चारांची लाज नको, ते समजले म्हणजे झाले. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारायला संकोच कसला?