दोन तारामती

शिमग्याच्या दिवसांत चिपळूण तालुक्याच्या वाडीवाडीवर नमन-खेळ्यांचा मृदंग घुमू लागतो. परंपरेने या खेळातील गवळणी पुरुषच असतात. लुगडे नेसलेला गावातलाच एखादा तरुण राधा होऊन नाचतो आणि त्यात कोणालाही वावगे वाटत नाही. या रूढीच्या मुळाशी कलेचा विचार थोडा आणि समाजाचे भय अधिक होते. घरची बाई चार लोकांपुढे उभी राहिली तर घराण्याचे नाव काय राहील, हे ते भय. दुर्गा खोटे यांचे मोठेपण समजून घ्यायचे तर या भयापासूनच प्रारंभ करावा लागतो.

दादासाहेब फाळके यांनी 1913 साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला, तेव्हा तारामतीच्या भूमिकेसाठी त्यांना एकही स्त्री मिळाली नाही. अखेर उपाहारगृहात स्वयंपाक करणाऱ्या अण्णा साळुंके यांना लुगडे नेसवून त्यांनी वेळ निभावून नेली. पुढे 1932 साली कोल्हापूरच्या प्रभात कंपनीने त्याच कथेवर ‘अयोध्येचा राजा’ हा आपला पहिला बोलपट मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत काढला. दिग्दर्शन व्ही. शांताराम यांचे, हरिश्चंद्र गोविंदराव टेंबे यांचा. आणि तारामती झाल्या दुर्गा खोटे. या दोन तारामतींमध्ये अंतर एकोणीस वर्षांचेच होते, परंतु तेवढ्या काळात एक उंच भिंत ओलांडली गेली होती.

ती कशी ओलांडली गेली याविषयी एक सोयीची कथा रूढ झाली आहे. चांगल्या घराण्यातील सुशिक्षित स्त्री चित्रपटात आली आणि तिच्या येण्याने त्या धंद्याला प्रतिष्ठा लाभली, असे ती कथा सांगते. त्यात तथ्य नाही असे नाही. दुर्गाबाईंचा जन्म 1905 साली मुंबईत एका नामांकित सॉलिसिटरच्या घरी झाला. शिक्षण कॅथीड्रल शाळेत आणि सेंट झेवियर्स महाविद्यालयात. सासरही संपन्न. पण या संपन्नतेला ओहोटी लागली आणि दोन लहान मुलांना वाढवण्यासाठी त्यांच्यावर शिकवण्या करण्याची पाळी आली. शिकवण्यांतून भागेना, म्हणून 1931 साली त्यांनी ‘फरेबी जाल’ या चित्रपटातील लहानशी भूमिका पत्करली. त्याबद्दल लोकांनी त्यांना दूषणे दिली. ज्या घराण्याचा आज गौरवाने उल्लेख होतो, ते घराणे त्या वेळी त्यांच्या पाठीशी ढाल होऊन उभे नव्हते. उलट त्याच घराण्याचे नाव बुडवल्याचा आरोप त्यांच्यावर होत होता. त्या पडद्यावर आल्या त्या मिळवतीचे साधन म्हणून, आणि हे सांगण्यात त्यांचा कमीपणा मुळीच नाही.

शिवाय या सोयीच्या कथेत इतरांवर अन्याय आहे. फाळक्यांना स्त्री मिळाली ती त्याच 1913 सालच्या ‘मोहिनी भस्मासुर’ या चित्रपटासाठी. पार्वती झाल्या दुर्गाबाई कामत आणि मोहिनी झाली त्यांची अल्पवयीन कन्या कमला, म्हणजे पुढे नामवंत झालेल्या कमलाबाई गोखले. मुलीला घेऊन नाटक मंडळीबरोबर गावोगाव हिंडणाऱ्या या पहिल्या दुर्गाबाईंचे नाव आज किती जणांना ठाऊक आहे? कलावंतिणींच्या घराण्यातून आलेल्या हंसा वाडकर यांनी 1970 साली ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनात आपले आयुष्य निर्भयपणे उघड केले, तेव्हा वाचकांनी त्यातील खळबळजनक तेवढे उचलले आणि श्रम बाजूला ठेवले. एकीला घराण्यामुळे मोठे म्हणायचे आणि दुसरीला घराण्यामुळेच संशयाने पाहायचे, ही मोजपट्टी एकच आहे आणि ती खोटी आहे.

दुर्गाबाईंना या मोजपट्टीची गरजही नाही. ‘अमर ज्योती’ (1936) मधील अन्यायाविरुद्ध बंड करून उठलेली सौदामिनी, ‘भरत मिलाप’ (1942) मधील कैकेयी, ‘मुगल-ए-आझम’ (1960) मधील पती आणि पुत्र यांच्यात विदीर्ण झालेली जोधाबाई, ‘बॉबी’ (1973) मधील वत्सल मिसेस ब्रगान्झा. एवढा पल्ला एका आयुष्यात गाठणे केवळ कुलशीलाच्या बळावर शक्य नसते. स्टुडिओच्या पगारी नोकरीत अडकून न राहता ठिकठिकाणी स्वतंत्रपणे काम करण्याची पद्धत रुळवणाऱ्या प्रारंभीच्या कलावंतांत त्यांची गणना होते. मराठी रंगभूमीवर शिरवाडकरांच्या ‘राजमुकुट’मध्ये त्यांनी लेडी मॅक्बेथच्या तोलाची भूमिका केली. उतारवयात त्या निर्मितीच्या क्षेत्रातही स्थिरावल्या. सामान्य नोकरदाराचा संसार घरोघरी पोचवणारी ‘वागळे की दुनिया’ ही 1988 सालची दूरदर्शन मालिका त्यांच्याच संस्थेची. सरकारने त्यांना 1968 साली पद्मश्री दिली, आणि 1983 साली दिला तो दादासाहेब फाळके पुरस्कार. ज्या फाळक्यांना तारामतीसाठी एक स्त्री मिळू शकली नव्हती, त्यांच्याच नावाचा सन्मान दुसऱ्या तारामतीच्या हाती आला. दुर्गाबाई 1991 साली निवर्तल्या.

त्यांच्या निधनाला तीन दशके उलटली तरी तो जुना प्रश्न निवर्तलेला नाही. चिपळुणातील शाळा-महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांत मुली हिरिरीने नाटके करतात आणि पालक पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवतात. परंतु त्यांतीलच एखादीने याच कामावर पोट भरण्याचा मनोदय सांगितला, की टाळ्या थांबतात आणि घराण्याची आठवण होते. हौस म्हणून कला चालते, उपजीविका म्हणून चालत नाही. नोकरी करणाऱ्या स्त्रीकडेही एके काळी समाज याच दृष्टीने पाहत होता. आज वर्गात शिकवणारी वा कचेरीत बसणारी स्त्री कोणालाही खटकत नाही, कारण अनेकींनी टोमणे सोसून ती वाट मळली. ज्या घरांची चूल अशा पगारावर पेटते, त्यांनी तरी अभिनयाच्या मिळकतीकडे नाक मुरडू नये. मुलीच्या अंगी गुण आहे का आणि कष्टांची तयारी आहे का, एवढे दोनच प्रश्न तिला विचारावेत. तिसरा प्रश्न दुर्गाबाईंनी 1932 सालीच निकालात काढला आहे.