युरोपचा युवा निधी : ॲप भारी, पुरावे विखुरलेले
युरोपीय संघाच्या ‘इरॅस्मस प्लस’ योजनेत युवा संस्थांच्या छोट्या भागीदारीला ३० किंवा ६० हजार युरो मिळतात. किमान दोन देशांतल्या दोन संस्था एकत्र हव्यात. निधी मंजूर होताच अनेकांचा पहिला प्रश्न असतो, ट्रेलो घ्यायचे की आसना? घाई इथेच होते.

हे अनुदान एकरकमी असते. म्हणजे काय? प्रत्येक खर्चाची पावती निधी देणाऱ्या यंत्रणेकडे पाठवावी लागत नाही. (देशातल्या कायद्यासाठी हिशेब ठेवावाच लागतो, ते वेगळे.) अर्जात कबूल केलेले उपक्रम झाले का आणि कसे झाले, हे अंतिम अहवालावरून तपासले जाते. काम निकृष्ट ठरले, तर अनुदानाला कात्री लागू शकते.

त्यामुळे खरी गरज आहे ती पुरावे सांभाळण्याची. उपक्रम, जबाबदार व्यक्ती, तारीख आणि पुराव्याची लिंक एवढ्या चार रकान्यांची सामायिक शीट छोट्या भागीदारीला पुरते. ॲपवरचे कार्ड ‘पूर्ण’मध्ये सरकवले, म्हणून कार्यशाळेचे हजेरीपत्रक जपले जात नाही. शिवाय युवा संस्थांत स्वयंसेवक वरचेवर बदलतात. समन्वयक गेला की पासवर्ड जातो, फोन बदलला की व्हॉट्सॲपवरचे फोटो जातात. शीट संस्थेच्या खात्यावरच हवी, कुणा एकाच्या जीमेलवर नको.

मात्र हजेरीपत्रकात अल्पवयीन मुलांची नावे असतील, तर लिंक सर्वांना खुली ठेवू नये. २०१८ पासून लागू असलेला जीडीपीआर छोट्या संस्थांनाही लागू आहे.