अडाणी कोण? कार्डाची चोरी आणि दोषाची उतरंड



गेल्या उन्हाळ्यात घनसावंगी तालुक्यातल्या एका वस्तीतील मावशी आमच्याकडे आल्या. रमाई आवास योजनेचा हप्ता खात्यावर जमा झाला होता. घर जोत्यापर्यंत आलं होतं, विटांचे पैसे द्यायचे होते. एटीएमवर कार्ड नीट घालता येईना, तेव्हा मागे उभ्या असलेल्या एका नीटनेटक्या पोराने "द्या मावशी, मी काढून देतो" म्हणून मदत केली. पाच हजार काढून दिले, कार्डही परत दिलं. पण परत आलेलं कार्ड मावशींचं नव्हतंच. त्याच बँकेचं, त्याच रंगाचं, दुसऱ्याच कुणाचं तरी होतं. पुढच्या दोन दिवसांत ३४ हजार रुपये गेले. बँकेचे मेसेज गेले ते मुलाच्या बंद पडलेल्या जुन्या नंबरवर. मुलगा चाकणला कंपनीत.

तिसऱ्या दिवशी मावशी बँकेत गेल्या. काउंटरवरचं उत्तर असं: "पिन कशाला दाखवला? अडाणीपणा तुमचा, त्याला आम्ही काय करणार?"

मावशी आम्हाला हे सांगताना चोरावर चिडल्या नव्हत्या. स्वतःवरच चिडल्या होत्या. "माझंच चुकलं रे बाबा, शिकले नाही ना," एवढंच म्हणत होत्या. आमचा हा लेख त्या 'अडाणी' शब्दाविरुद्ध आहे.

आता दुसरी चोरी बघू. पुण्याची कॉसमॉस सहकारी बँक १९०६ सालची. तिथे संगणक तज्ज्ञ होते, लेखापरीक्षक होते, सुशिक्षित संचालक होते. ११ ऑगस्ट २०१८ रोजी, शनिवारी, या बँकेची एटीएम यंत्रणा हॅकरांनी ताब्यात घेतली. एटीएममध्ये कार्ड घातलं की "पैसे द्यायचे का?" असा प्रश्न बँकेच्या स्विच नावाच्या यंत्रणेकडे जातो. हॅकरांनी खऱ्या स्विचच्या जागी आपला बनावट स्विच उभा केला आणि तो प्रत्येक प्रश्नाला "द्या" म्हणत राहिला. काही शे ग्राहकांच्या कार्डांची माहिती चोरून त्यावरून नकली कार्डं आधीच तयार ठेवली होती. सव्वादोन तासांच्या आसपास २८ देशांतल्या एटीएममधून सुमारे ७८ कोटी रुपये निघाले. भारतातल्या एटीएममधून रुपे कार्डांवर अडीच कोटी निघाले. १३ ऑगस्टला स्विफ्ट यंत्रणेतून १३.९२ कोटी रुपये हाँगकाँगच्या एका खात्यात गेले. एकूण ९४.४२ कोटी.

या बँकेला कुणी अडाणी म्हटलं का? नाही. वर्तमानपत्रांनी 'सायबर हल्ला' असा शब्द वापरला. ठेवीदारांचे पैसे सुरक्षित आहेत असं बँकेने जाहीर केलं आणि तोटा ठेवीदारांवर टाकला नाही. हे योग्यच झालं, आमची त्यावर तक्रार नाही. आमचा प्रश्न एवढाच आहे: तज्ज्ञांच्या हातून ९४ कोटी गेले तर तो हल्ला, आणि मावशींच्या हातून ३४ हजार गेले तर तो अडाणीपणा, हे कसं?

२०१६ साली तर देशातल्या सुमारे ३२ लाख डेबिट कार्डांची माहिती धोक्यात आली होती. बँकांना एटीएम सेवा पुरवणाऱ्या हिताची पेमेंट सर्व्हिसेस या कंपनीच्या यंत्रणेत व्हायरस शिरला होता. स्टेट बँकेने सुमारे सहा लाख कार्डं बंद करून नवी दिली. त्या ३२ लाख लोकांनी कुणालाही पिन सांगितला नव्हता. त्यांचा दोष एकच, त्यांनी एटीएम वापरलं.

कार्डाची चोरी नेमकी होते कशी, हेही समजून घेऊ. कार्डामागच्या काळ्या पट्टीत माहिती कायमची लिहिलेली असते. एटीएमच्या फटीवर बसवलेलं छोटं यंत्र, स्किमर, ती वाचून घेतं. वर लपवलेला कॅमेरा पिन टिपतो. मग ती माहिती कोऱ्या कार्डावर उतरवली की झालं. चिपचं तसं नाही, ती प्रत्येक व्यवहाराला नवा संकेत तयार करते. म्हणून तर रिझर्व्ह बँकेने ३१ डिसेंबर २०१८ पर्यंत सगळी पट्टीची कार्डं बदलून चिपची द्यायला सांगितलं. चिप आल्यावर चोर यंत्राकडून माणसाकडे वळला. "कार्ड बंद पडणार, केवायसी करा" असे फोन, फसवी लिंक, ओटीपी काढून घेणं, आणि आपल्या तालुक्याच्या गावात सर्रास चालणारी कार्डाची अदलाबदल. म्हणजे सुरक्षा वाढली ती यंत्राची, तिथला धोका सरकला आपल्या माणसाकडे. त्या माणसाच्या मदतीला एटीएमवर रखवालदार नाही आणि बँकेत ऐकून घ्यायला कुणाला वेळ नाही.

कायदा काय म्हणतो? रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी परिपत्रक काढलं. व्यवहार ग्राहकाच्या संमतीशिवाय झाला, दोष बँकेचा नाही आणि ग्राहकाचाही नाही, अशा वेळी बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तक्रार केली तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. चार ते सात दिवसांत केली तर मर्यादित, साध्या जनधन प्रकारच्या खात्याला जास्तीत जास्त ५ हजार रुपये. तक्रारीनंतर १० कामकाजाच्या दिवसांत रक्कम तात्पुरती खात्यावर जमा करायची, ९० दिवसांत निकाल लावायचा. याच पत्रात असंही आहे की ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे नुकसान झालं तर तक्रार करेपर्यंतचा तोटा ग्राहकाचा. सगळ्या बँका याच वाक्यामागे लपतात. पण त्याच परिपत्रकातलं पुढचं वाक्य काउंटरवर कुणी वाचून दाखवत नाही: ग्राहकाची चूक सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेची आहे. मावशींनी पिन सांगितला की पोराने तो चोरून पाहिला, हे बँकेने सिद्ध करायचं. त्यासाठी एटीएममधलं सीसीटीव्ही चित्रण काढायचं. इथे तपास शून्य, निकाल मात्र दोन मिनिटांत: अडाणीपणा.

आमचे काही मित्र म्हणतात, यात जात कशाला आणता? चोर जात विचारून चोरी करत नाही. बरोबर आहे, चोर विचारत नाही. पण चोरी झाल्यानंतर काय होतं ते बघा. ज्याच्या ओळखीचा वकील आहे, ज्याला अर्ज लिहिता येतो, ज्याला साहेब खुर्ची देतात, त्याची तक्रार नोंदवली जाते. वस्तीतल्या बाईला मात्र "उद्या या" सांगतात. पोलीस ठाण्यात गेली की "बँकेत जा", बँकेत गेली की "पोलिसांत जा". तिची एका दिवसाची मजुरी प्रत्येक फेरीला बुडते, आणि फेऱ्या मारण्यातच तीन दिवसांची मुदत निघून जाते. बाबासाहेबांनी १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला. चलनाच्या व्यवहारात झळ कुणाला बसते हा प्रश्न त्यांना तज्ज्ञांवर सोपवून गप्प बसायचं नव्हतं. आम्हीही बसू नये.

आता कडू भाग. तो आपल्याच पोरांविषयी आहे.

कॉसमॉस प्रकरणात संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ मंडळाने २०१९ च्या अहवालात उत्तर कोरियाशी संबंधित हॅकरांकडे बोट दाखवलं. ते कुठल्याच पुण्याच्या कोर्टात उभे राहिले नाहीत. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवलं. त्यांत नकली कार्डं घेऊन इथल्या एटीएमवर रांग लावून पैसे काढणारे होते. डोकं परदेशात, हात इथले. शिक्षा हातांना झाली.

हेच आज लहान प्रमाणात आपल्या जिल्ह्यात चालू आहे. "तुझं खातं आणि एटीएम कार्ड महिनाभर दे, तीन हजार देतो." आमच्या अभ्यासिकेतल्या एका पोराला अशी विचारणा झाली. त्याने आम्हाला विचारलं म्हणून वाचला. सगळेच विचारत नाहीत. शिष्यवृत्तीसाठी उघडलेल्या खात्यातून कुणाच्या तरी मावशीचे चोरलेले पैसे फिरतात, पोलीस खातं गोठवतात, शिष्यवृत्ती अडकते आणि गुन्हा पोराच्या नावावर लागतो. तीन हजारांसाठी नोकरीची दारं बंद. गरिबीमुळे हे घडतं, मान्य. पण ज्याचे पैसे त्या खात्यातून जातात तोही गरीबच असतो, हे आपण पोरांना स्पष्ट सांगत नाही. मोर्चाला पोरं गोळा करतो, हे मात्र सांगत नाही.

म्हणून आमचं म्हणणं असं. प्रत्येक विहारात रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास या कामाला द्या. घरोघरच्या आयाबायांच्या खात्याला त्यांचा चालू नंबर जोडून घ्या. कार्डावरचे ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार बंद ठेवा, रोजची मर्यादा कमी करा. ही सोय बँकांनी द्यावी असा नियम ऑक्टोबर २०२० पासून आहे. पैसे गेले तर आधी कार्ड बंद, लगेच १९३० वर फोन, आणि त्याच दिवशी बँकेत लेखी अर्ज. पोहोच घेतल्याशिवाय काउंटर सोडायचं नाही. तीस दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार, तिला फी लागत नाही. आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली बँकांची जी जिल्हा समिती बसते, तिच्यापुढे एकत्रित निवेदन: तालुक्याच्या प्रत्येक एटीएमवर रखवालदार, मराठीत छापील तक्रार अर्ज, आणि तक्रार आली की सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवणं.

मावशींचा अर्ज आम्ही त्याच दुपारी दिला. "कार्ड बदललं गेलं, पिन मी कुणाला सांगितला नाही, चित्रण तपासावं" एवढी तीन वाक्यं. पोहोचेचा शिक्का मारायला साहेबांनी तासभर लावला. आता प्रकरण लोकपालाकडे आहे. घर अजून जोत्यावरच आहे. पण मावशी 'माझंच चुकलं' म्हणायचं थांबल्या आहेत, आणि परवा शेजारणीला घेऊन स्वतः बँकेत गेल्या, तिचा नंबर बदलून द्यायला.

जय भीम.