सहायक श्वान आणि परदेशवारी : आधी कॅलेंडर, मग तिकीट

बारामती, इंदापूरच्या अनेक घरांतील मुले आता इंग्लंड-अमेरिकेत आहेत. त्यांच्याकडे निघालेले आई-वडील औषधे, विमा यांची चौकशी आम्हा डॉक्टरांकडे करतात. पण अंध किंवा दिव्यांग व्यक्तीला सहायक श्वान सोबत न्यायचा असेल तर? 'डॉक्टरांची चिठ्ठी असली की झाले' हा समज चुकीचा आहे.

विमानात प्रवेश ही एक गोष्ट, देशात प्रवेश ही दुसरी. विमानासाठी श्वानाला त्या व्यक्तीच्या गरजेचे काम शिकवलेले असावे लागते. केवळ मानसिक आधारासाठी पाळलेल्या प्राण्याला अमेरिकी विमान नियमांत २०२१पासून ही सवलत नाही. देशात प्रवेश मिळताना मात्र रेबीजचा विचार होतो आणि तिथे सहायक श्वानालाही सूट नसते.

भारतातून ब्रिटन किंवा युरोपीय संघात जायचे तर क्रम ठरलेला आहे. आधी मायक्रोचिप, मग रेबीजची लस. लस आधी आणि चिप नंतर असेल, तर ती लस धरली जात नाही. लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्ततपासणी, तीही मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत. प्रतिपिंडे प्रति मिलिलिटर किमान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक हवीत. रक्त घेतल्यापासून आणखी ३ महिने थांबायचे. ब्रिटनसाठी पोहोचण्यापूर्वी २४ ते १२० तासांत पट्टकृमीचे औषधही द्यावे लागते. अमेरिकेनेही १ ऑगस्ट २०२४पासून नियम कडक केले. श्वान किमान ६ महिन्यांचा आणि चिप बसवलेला हवा. भारत रेबीजचा जास्त धोका असलेल्या देशांत गणला जात असल्याने कागदपत्रे अधिक लागतात.

हा जाच वाटतो, पण त्यामागे वैद्यकीय कारण आहे. रेबीजचा विषाणू शरीरात शिरल्यावर लक्षणे दिसायला आठवडे, कधी महिने लागतात. रक्ततपासणीतून लस लागू पडल्याचे कळते. लस घेण्यापूर्वीच संसर्ग झाला असेल, तर तो ३ महिन्यांच्या थांबण्यात उघड होण्याची शक्यता असते. लक्षणे सुरू झाली की माणूस काय, श्वान काय, वाचवणे जवळजवळ अशक्य असते.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे : नियमांना दोष देऊ नका, माहिती वेळेवर पोहोचवा. दिव्यांग प्रमाणपत्र देताना सरकारी रुग्णालयातच एक माहितीपत्रक हाती द्यावे. तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात चिप बसवणे आणि लसीची पक्की नोंद, दोन्ही व्हावे. पुण्या-मुंबईच्या फेऱ्या दिव्यांग माणसाला परवडत नाहीत.

प्रवासाचा बेत असेल तर किमान ६ महिने आधी तयारीला लागा. त्या देशाच्या अधिकृत संकेतस्थळावर आणि विमान कंपनीकडे नियम लेखी तपासा. अखेरचे आरोग्य प्रमाणपत्र केंद्र सरकारच्या पशू विलगीकरण सेवेकडून घ्यायचे असते, तिचे कार्यालय मुंबईत आहे. कागद अपुरे राहिले, तर श्वान विमानतळावर अडतो आणि त्याच्या भरवशावर चालणारा माणूस परक्या देशात एकटा पडतो.