फळ्यावर मुलांनाच बोलवा



‘सेंद्रिय रसायन म्हणजे पाठांतर, विद्यापीठाने प्रश्नसंच द्यावेत’ हे पत्र वाचून राहवले नाही. नीट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेसाठी लातूर पॅटर्नमध्ये होणाऱ्या सरावामागची मेहनत मला मान्यच आहे. पण नीटमध्ये उत्तर चार पर्यायांत असते. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या महाविद्यालयांत बीएस्सीला आले की अभिक्रिया का घडते, तेही सांगावे लागते.

प्रोपीनवर हायड्रोजन ब्रोमाइडची क्रिया घ्या. मार्कोव्हनिकोव्हचा नियम सगळ्यांना तोंडपाठ. पण ‘हायड्रोजन कडेच्याच कार्बनला का?’ विचारले की वर्ग गप्प. मुलांना फळ्यावर बोलावून दुहेरी बंधापासून हायड्रोजनकडे वक्र बाण काढायला लावा. मग दिसते, की धनभार मधल्या कार्बनवर येतो, शेजारचे दोन मिथिल गट त्याला स्थैर्य देतात आणि ब्रोमाइड तिथेच जोडले जाते. हे एकदा स्वतःच्या हाताने काढले, की पेरॉक्साइड असताना उलट का घडते, हा प्रश्न मुलेच विचारतात.

मराठी माध्यमातून आलेल्यांना हे मराठीतूनच समजावून सांगा. संज्ञा इंग्रजी राहिल्या तरी चालेल. प्रश्नसंच परीक्षेच्या महिन्यात द्या, पहिल्या सत्रात नको.

– रसायनशास्त्राचा एक शिक्षक, नांदेड