टीका कामावर, माणसावर नव्हे



गुजरातमधल्या कोसाडला बसून या अंकाची शेवटची मुद्रितं तपासताना एका लेखात ‘दऱ्या’च्या जागी ‘दर्या’ दिसला. डोंगरातल्या दऱ्या आणि समुद्र यांच्यात अंतर एका अर्ध्या ‘र’चं! इथल्या गुजराती-हिंदी वातावरणात ही खोट सहज खपून जाते. ती दाखवायची जबाबदारी मराठी वाचणाऱ्यांचीच.

मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आणि टंक (फॉन्ट) हेही, वापरणारा खोट दाखवेल, याच भरवशावर उभे असतात. मांडणी सगळ्यांसमोर उघडी, चूक कुणीही दाखवावी, दुरुस्ती कुणीही सुचवावी. टीका हेच तिथलं खतपाणी. पण तीच टीका माणसावर घसरली की चांगले हात काम सोडून जातात. 1991 मध्ये लिनक्स ही मुक्तस्रोत प्रणाली सुरू करणाऱ्या लिनस टॉरवाल्ड्स यांनी सहकाऱ्यांवर वर्षानुवर्षं कठोर शब्दांचा मारा केला. सप्टेंबर 2018 मध्ये त्यांनी जाहीर माफी मागितली आणि काही आठवडे कामातून बाजूला झाले. त्याच सुमारास लिनक्सने आचारसंहिताही स्वीकारली. तपासणीची धार मात्र कायम राहिली.

मला हा फरक फार मोलाचा वाटतो. ‘हे चुकलंय’ म्हणणं आणि ‘तुला अक्कल नाही’ म्हणणं, यात दऱ्या-दर्याएवढंच अंतर आहे. फुकट राबणाऱ्याला मानधन मिळत नाही. निदान मान तरी मिळायलाच हवा.

या अंकातल्या चुकाही निःसंकोच कळवा. दुरुस्तीसह कळवलंत तर अधिक आनंद.

– संपादक