शहर चालवायचं शिक्षण तुळजापुरातच हवं

तुळजापूरहून आपसिंग्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं आवार आहे. 1986 साली ते सुरू झालं ते ग्रामीण विकासासाठी. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी-सास्तूर भूकंपानंतर संस्थेने बाधित गावांची पाहणी केली. शेती, पाणी, उपजीविका हे इथल्या विद्यार्थ्यांचे विषय. शहरी धोरण आणि कारभार यांची पदव्युत्तर पदवी मात्र याच संस्थेच्या मुंबईच्या आवारात.

ही वाटणी आता मोडायला हवी.

भूकंपाच्या चारच महिने आधी, 1 जून 1993 ला, 74वी घटनादुरुस्ती अमलात आली. नगररचना, पाणीपुरवठा, घनकचरा, अगदी स्मशानभूमीसुद्धा, असे 18 विषय नगरपालिकांकडे सोपवता येतील, असं बाराव्या अनुसूचीने सांगितलं. तुळजापूरच्या धाराशिव जिल्ह्यात उमरगा, कळंब, भूम, परंडा, नळदुर्ग, मुरूम अशी नगरपालिकेची गावं आहेत. लोहारा आणि वाशी तर काल-परवा ग्रामपंचायतीच्या नगरपंचायती झाल्या. त्यांचा विकास आराखडा वाचणार कोण? मुख्याधिकारी बदली होऊन जातात. कर्मचाऱ्यांसाठी 1926 साली स्थापन झालेली अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था पदविका चालवते. नगरसेवकाच्या वाट्याला बहुधा एखादी कार्यशाळा येते, आणि दुसऱ्या दिवशी त्याला अर्थसंकल्पावर हात वर करायचा असतो.

खुद्द तुळजापूरच पाहा. 2011 च्या जनगणनेत वस्ती सुमारे 34 हजार. नवरात्रात आणि कोजागरीला सोलापूरकडून, कर्नाटकातून देवीच्या दर्शनाला अनवाणी चालत येणारी माणसं लाखांत मोजावी लागतात. त्यांना पाणी, शौचालय, सावली द्यायची, मागून कचरा उचलायचा. पण वित्त आयोगाचं अनुदान ठरतं ते मुख्यतः जनगणनेतल्या माणसांवर. घरपट्टीही तेवढ्याच घरांची. यात्रेच्या गावाचा खर्च कसा मोजायचा, त्याचा वाटा राज्याकडे कोणत्या आकड्यांनिशी मागायचा, हा पदव्युत्तर अभ्यासाचाच विषय आहे. त्यासाठी मुंबईला जायची गरज नाही. प्रश्न संस्थेच्या दारात उभा आहे.

तेव्हा छोट्या शहरांच्या कारभाराचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम तुळजापुरात सुरू व्हावा, आणि तो मराठीतूनही असावा. काही जागा विद्यमान नगरसेवक आणि पालिका कर्मचाऱ्यांसाठी राखाव्यात, तास शनिवार-रविवारी घ्यावेत. एक सत्र पूर्णवेळ एखाद्या नगरपालिकेत जावं. पहिल्या तुकडीने नवरात्राचे नऊ दिवस शहरात किती टँकर आले, किती कचरा निघाला आणि त्याचे पैसे कुणी भरले, याची नोंद करावी, आणि ती पालिकेच्या सर्वसाधारण सभेत मांडावी.